कर्ज घ्यायचे नसले तरी सिबिल का जपायचे?

प्रश्न थोडक्यात असा: पगार वेळेवर होतो, थोडी बचत आहे, सध्या कर्ज काढायचा विचार नाही. मग क्रेडिट स्कोअरकडे लक्ष कशाला द्यायचे? आणि तो ७०० च्या खाली गेला तर रोजच्या जगण्यात नेमके काय बिघडते?

स्कोअर माणसाची ऐपत मोजतो, हा समज आधी सोडून द्या. तुमचा पगार, मुदत ठेवी, म्युच्युअल फंड, घरातले सोने, गावची जमीन, यूपीआयवरून होणारे खर्च, यांतले काहीच त्या आकड्यात धरलेले नसते. त्यात मोजली जाते उसनवारीची तुमची सवय, मुख्यतः घेतलेले पैसे ठरलेल्या दिवशी परत करायची. म्हणूनच चांगल्या पगाराच्या माणसाचा स्कोअर ६२० आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या ड्रायव्हरचा ७८० असू शकतो. यात चूक काही नाही, दोघांच्या सवयी वेगळ्या आहेत एवढेच.

भारतात हा आकडा काढणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांत सिबिल सर्वांत जुनी. ती २००० साली सुरू झाली, म्हणून बोलताना कुठल्याही स्कोअरला आपण ‘सिबिल’च म्हणतो. चौघींचे काम २००५ च्या कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत चालते. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. बँका आणि बिगर-बँक वित्तसंस्थांना चारही कंपन्यांचे सभासद राहून त्यांच्याकडे माहिती पाठवावी लागते. तरी चार ठिकाणचे आकडे थोडे वेगळे येतात, कारण प्रत्येकीचे सूत्र वेगळे आहे. एकीकडे ७६१ आणि दुसरीकडे ७४४ दिसले तर घाबरू नका. एकीकडे ७६० आणि दुसरीकडे ६४० दिसले, तर मात्र कुठल्या तरी कंपनीच्या अहवालात, म्हणजे तिने ठेवलेल्या तुमच्या कर्जांच्या नोंदींत, चूक असण्याची शक्यता आहे.

फरक रुपयांत किती पडतो?

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराची गृहकर्जे रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्या) बाहेरच्या दराशी जोडलेली असतात. रेपो सगळ्यांना सारखाच. त्यावर बँक जो वाढीव भाग लावते, तिथे स्कोअर कामाला येतो. स्टेट बँक, बँक ऑफ बडोदा यांसारख्या बँका गृहकर्जाचा दर स्कोअरच्या टप्प्यांनुसार लावतात. ५० लाखांचे कर्ज, मुदत २० वर्षे, असे धरू. ८.५ टक्क्यांनी हप्ता ४३,३९१ रुपये येतो, ९ टक्क्यांनी ४४,९८६. महिन्याला फरक १,५९५ रुपयांचा आणि २४० हप्त्यांत ३ लाख ८२ हजार ८०० रुपयांचा. घर तेच, बँक तीच. तीन वर्षांपूर्वी क्रेडिट कार्डाची दोन बिले उशिरा भरली, त्याची ही किंमत असू शकते. ती कुठल्याही बिलावर छापून येत नाही, म्हणून माणसाला जाणवतही नाही.

दर वाढवणे हा तरी सौम्य परिणाम झाला. असुरक्षित कर्जाला, म्हणजे वैयक्तिक कर्जाला किंवा कार्डाला, कमी स्कोअरवर सरळ नकार मिळतो. आणि असे कर्ज नेमके अडीअडचणीला लागते. रुग्णालयात अनामत भरायची असते, फीची तारीख दोन दिवसांवर आलेली असते. बँकेने नाही म्हटले की माणूस मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपकडे वळतो किंवा सावकाराकडे जातो. कर्ज घ्यायचा विचार नसलेल्यांनी स्कोअर का जपावा, याचे माझ्या मते हेच सर्वांत मोठे कारण आहे. गरज सांगून येत नाही आणि स्कोअर आठवड्याभरात सुधारत नाही.

नोकरीशीही याचा संबंध आहे. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातींत कर्ज किंवा कार्डाची परतफेड थकवल्याची नोंद असलेला उमेदवार अपात्र ठरतो, अशी अट असते. बँकिंग आणि वित्तक्षेत्रातल्या इतर नेमणुकांतही ही तपासणी होते. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना मी एकच सांगेन: फोन हप्त्यावर घेतला असेल तर त्याचा शेवटचा हप्ता भरला गेला का, हे अर्ज करण्याआधी पाहा.

‘माझ्यावर कर्ज नाही’ म्हणणाऱ्यांची कर्जे

असे म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या अहवालात दोन-तीन खाती चालू असतात. दुकानात ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेतलेला फ्रिज हे कर्जच आहे. ते कुठल्या तरी वित्तसंस्थेने दिलेले असते आणि ग्राहकोपयोगी वस्तूंचे कर्ज म्हणून नोंदले जाते. ‘आता घ्या, नंतर भरा’ ही सोयही बहुतेक वेळा कर्जच असते, सोनेतारण आणि किसान क्रेडिट कार्डही. मुलीच्या शैक्षणिक कर्जावर वडील सहकर्जदार असतील तर ते कर्ज दोघांच्याही अहवालात दिसते आणि चुकलेला हप्ताही दोघांच्या नावावर चढतो. नवरा-बायकोच्या संयुक्त गृहकर्जाचेही तसेच. घटस्फोटात हप्ते एकाने भरायचे असे ठरले, तरी बँकेच्या लेखी दोघेही कर्जदारच राहतात. कर्ज एकाच्या नावावर करून घ्यायचे तर बँकेकडे वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि त्या एकाच्या उत्पन्नावर ते बसते का, हे बँक नव्याने तपासते.

जामीन राहणे हा आपल्याकडचा नाजूक विषय. मेहुण्याला, मित्राला, सहकाऱ्याला नाही म्हणवत नाही आणि ‘नुसती सही तर करायची आहे’ असे सांगितले जाते. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळे काही ठरले असेल तरच यात फरक पडतो. ते कर्ज तुमच्या अहवालात जामीनदार म्हणून दिसते. त्याचे हप्ते थकले की डाग तुमच्या नावालाही लागतो, आणि उद्या तुम्ही स्वतःचे कर्ज मागायला गेलात की बँक तुमची ऐपत ठरवताना तीही जबाबदारी विचारात घेते. सही केलीच असेल तर कर्जदाराकडून दर तीन महिन्यांनी कर्जखात्याचा उतारा मागून घ्या. मागताना संकोच वाटतो खरा, पण बँकेची नोटीस हातात पडेपर्यंत उशीर झालेला असतो.

पतसंस्थांबद्दल एक खुलासा. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही, त्यामुळे त्यांची कर्जे या अहवालात सहसा दिसत नाहीत. पतसंस्थेचे कर्ज दहा वर्षे चोख फेडले तरी त्याने स्कोअर घडत नाही, तो याच कारणाने. सहकारी बँकांचे तसे नाही, त्यांची माहिती जाते.

आकडा कशाने हलतो?

कंपन्या आपले नेमके सूत्र जाहीर करत नाहीत. पण सर्वांत जड पारडे वेळेवर परतफेडीचे, यात शंका नाही. अहवालात प्रत्येक खात्याखाली मागच्या ३६ महिन्यांचे चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात त्या महिन्यात पैसे किती दिवस थकलेले होते, तो आकडा येतो. ‘०००’ म्हणजे सगळे वेळेवर. ‘०३०’ म्हणजे तीस दिवस उशीर. ‘एक्सएक्सएक्स’ दिसले की लोक घाबरतात, पण त्याचा अर्थ एवढाच की त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवली नाही. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए होते.

उशीर बहुतेक वेळा पैशाअभावी होत नाही, तारखेच्या घोळामुळे होतो. हप्ता ५ तारखेला कापला जातो आणि पगार ७ तारखेला जमा होतो. दर महिन्याला हप्ता परत जातो, बँक दंड लावते आणि दोन दिवसांनी तुम्ही हाताने पैसे भरता. तुमच्या दृष्टीने हप्ता भरला, नोंदीच्या दृष्टीने दर महिन्याला उशीर झाला. यावर उपाय साधा आहे: हप्त्याची तारीख १० करून द्या, असा लेखी अर्ज बँकेला द्यायचा. तोवर एका हप्त्याएवढी रक्कम त्या खात्यात कायम पडून राहू द्या.

दुसरे जड पारडे कार्डाच्या मर्यादेचे. १ लाखाच्या मर्यादेवर दर महिन्याला ८५ हजारांचे बिल येत असेल, तर पूर्ण रक्कम वेळेवर भरूनही स्कोअर दबलेला राहतो. बिल निघते त्या दिवशीची थकबाकी बहुधा स्कोअर काढणाऱ्या कंपनीकडे जाते, तुम्ही पंधरा-वीस दिवसांनी भरलेली रक्कम त्यात नसते. म्हणून मोठा खर्च झाला असेल तर बिलाची तारीख यायच्या आधीच अर्धी-अधिक रक्कम भरून टाका. वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा, असे सर्रास सांगितले जाते. तो काही कायदा नाही, पण अंदाज म्हणून चांगला आहे.

याच गणितामुळे जुने कार्ड रागाच्या भरात बंद करू नये. समजा दोन कार्डे आहेत, एकाची मर्यादा १ लाख आणि दुसऱ्याची ५० हजार. दोन्हींवर मिळून ४० हजार खर्च आहे, म्हणजे वापर सुमारे २७ टक्के. मोठ्या मर्यादेचे जुने कार्ड बंद केले की तेच ४० हजार ५० हजारांच्या मर्यादेवर येतात आणि वापर ८० टक्के होतो. वार्षिक शुल्काचे कार्ड नकोच असेल तर ते बंद करण्याआधी त्याच बँकेचे बिनशुल्क कार्ड मिळते का, हे विचारा. बंद करायचेच ठरले तर थकबाकी शून्य करून लेखी विनंती द्या. सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कपाटात पडलेल्या कार्डावर चारशे-पाचशे रुपयांचे वार्षिक शुल्क लागते, ते कुणाच्या लक्षात येत नाही आणि तेवढ्यासाठी खाते थकीत दिसू लागते. असली प्रकरणे पाहून खरोखर वाईट वाटते, कारण त्यात कर्ज कुणी घेतलेलेच नसते.

कार्डाच्या बिलावरची ‘किमान देय रक्कम’ हाही एक सापळा. तेवढीच भरली तर चौकोनात ‘०००’ येते हे खरे. पण उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढते, नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते आणि थकबाकी मर्यादेच्या दिशेने फुगत राहते. काही महिन्यांनी ती किमान रक्कमही जड जाते आणि खरा उशीर तिथून सुरू होतो.

तिसरी गोष्ट चौकशांची. तुम्ही अर्ज केला की बँक तुमचा अहवाल मागवते आणि त्याची नोंद राहते. महिन्याभरात पाच-सहा नोंदी झाल्या तर हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतो आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. बहुतेकदा हे एजंटामुळे घडते. तुम्ही एकाला कागद देता, तो ते चार ठिकाणी टाकतो. कुठल्या बँकेत अर्ज करायचा ते आधी ठरवा आणि तेवढीच परवानगी द्या. आपला अहवाल आपणच पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. या भीतीपायी कित्येक जण वर्षानुवर्षे तो उघडतच नाहीत.

अहवाल कसा वाचावा?

नुसता आकडा पाहून काही कळत नाही, पूर्ण अहवाल उतरवून घ्या. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम आहे. कंपन्या चार, म्हणजे दर तीन महिन्यांनी एकीचा मागवला तर वर्षभर पैसे न खर्चता लक्ष राहते. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच मागवा आणि सशुल्क योजनेचे बटण चुकून दाबू नका.

आधी नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते आणि मोबाइल क्रमांक पाहा. तुमचा नसलेला क्रमांक किंवा कधीच न राहिलेल्या गावचा पत्ता दिसला तर दुसऱ्या कुणाची नोंद तुमच्यात मिसळली असण्याची शक्यता धरा. सारखे नाव आणि सारखी जन्मतारीख असली की असे होते. मग एकेक खाते घ्या. कर्ज आठवत नाही म्हणून लगेच फसवणूक समजू नका: ॲपचे नाव एक असते आणि अहवालात त्यामागच्या वित्तसंस्थेचे नाव येते. तारीख आणि रक्कम जुळवून पाहा. फेडलेले कर्ज ‘बंद’ दाखवले आहे का, तुमचे नाते कर्जदार, सहकर्जदार की जामीनदार, आणि एकच कर्ज दोनदा तर आलेले नाही ना, हे तपासा. शेवटी चौकशांचा भाग. जिथे अर्ज केलाच नाही अशा संस्थेची चौकशी दिसली तर तुमचा पॅन कुणीतरी वापरत असू शकेल. अहवाल मागवला गेला की एसएमएस किंवा ईमेलने कळवण्याचा नियम आहे, पण त्यासाठी तुमचा आत्ताचा क्रमांक बँकेत नोंदलेला हवा.

चूक सापडली की त्या कंपनीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या बँकेलाही लिहा. हे दुसरे पत्र बरेच जण टाळतात आणि तिथेच गाडी अडते, कारण बँकेने खात्री दिल्याशिवाय कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. सोबत ना-हरकत दाखला, खातेउतारा, शेवटचा हप्ता भरल्याचा पुरावा जोडा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. यासाठी एकूण मुदत ३० दिवसांची. २६ एप्रिल २०२४ पासून ती ओलांडली तर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळायला हवी. बँकेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नसेल तर ती बँकेने द्यायची, तिने पाठवूनही कंपनीने विलंब केला तर कंपनीने. एवढ्यावरही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

स्कोअर पडलेला असेल तर

आधी कारण शोधा, कारण प्रत्येकाचा उपाय आणि वेळ वेगळा. फक्त कार्डाचा वापर जास्त असेल तर थकबाकी खाली आणा. १ जानेवारी २०२५ पासून संस्थांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे एक-दोन महिन्यांत फरक दिसू लागतो. हप्ते उशिरा गेले असतील तर आधी सगळी थकबाकी भरून खाते नियमित करा. त्यानंतर सलग वर्षभर ‘०००’ पडले की बँकेचा अधिकारीही वेगळ्या नजरेने पाहतो. जुना उशीर पुसला जात नाही, फक्त मागे सरकतो.

‘सेटलमेंट’ करताना मात्र थांबून विचार करा. दीड लाखाची थकबाकी साठ हजारांत मिटवतो, असा वसुलीवाल्याचा फोन आला की सुटल्यासारखे वाटते. पण अहवालात ते खाते ‘सेटल्ड’ म्हणून राहते, म्हणजे बँकेने नुकसान सोसून प्रकरण मिटवले. या नोंदी कंपन्यांना किमान सात वर्षे जपाव्या लागतात. पैसे खरोखर नसतील तर सेटलमेंट हा वाईटांतला बरा मार्ग आहे, त्यात लाज नाही. पण थोडी जुळवाजुळव करून किंवा हप्ते पाडून पूर्ण रक्कम भरता येत असेल तर तेच करा आणि खाते ‘बंद’ म्हणून नोंदेल, असे लेखी घ्या. आधीच सेटलमेंट झाले असेल तरीही बँकेला उरलेली रक्कम विचारून ती भरता येते आणि शेरा बदलायची मागणी करता येते. पैसे भरण्याआधी बँकेचे पत्र हातात हवे, वसुलीवाल्याचा तोंडी शब्द चालत नाही.

इतिहासच नसेल तर अहवालात ‘-१’ किंवा ‘एनएच’ येते. तो वाईट शेरा नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. सुरुवात करायला सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड: २० हजारांची ठेव, तिच्या आतली मर्यादा, त्यावर महिन्याला दोन-तीन हजारांचा किराणा किंवा वीजबिल, आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप कापले जाईल अशी सूचना. साधारण सहा महिन्यांत स्कोअर तयार होतो आणि ठेवीवरचे व्याजही चालू राहते.

आठ-दहा हजार घेऊन ‘पंधरा दिवसांत सिबिल ७५० करून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसेही देऊ नका आणि पॅन-आधारही. खरी नोंद कुणालाही काढता येत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याची वाट वर सांगितली आहे, ती फुकट आहे. दिलेल्या कागदपत्रांवर उद्या दुसरेच कर्ज उभे राहिले, तर ते तुमचे नाही हे सिद्ध करायला पोलीस तक्रारीपासून लोकपालापर्यंत सगळी पायपीट तुम्हालाच करावी लागेल.